रजेवर गेलेल्याची जागा

कामगाराच्या रजेचा इतिहास लिहायचा तर एकच प्रश्न धरून बसावे, असे माझे मत आहे. माणूस कामावर आला नाही, तर त्याच्या जागी कोण उभा राहतो आणि त्याची सोय कोण लावतो? धन्याने लावली तर ती रजा. गड्यालाच लावावी लागली तर ती रजा नव्हे, वेठ फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. अपघाताचेही तसेच. हात गेला त्याची भरपाई हात गेलेल्याला मिळते, की त्याच्या पोराला त्याच झाडूवर उभे करून हिशेब मिटवतात?

माझा जन्म औंधचा आणि नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या आस्थापना शाखेत झाली. आस्थापना म्हणजे सेवापुस्तके, हजेरीपत्रके, रजेचे अर्ज आणि निवृत्तीच्या आदल्या महिन्यात धावत येणारी माणसे. लोक म्हणत, टेबलाला टेबल लावून बसलेला कारकून काय इतिहास सांगणार. पण सेवापुस्तकाच्या मागच्या पानांवरचा रजेचा हिशेब वाचता आला, तर माणसाचे बाळंतपण, दारू, टीबी, मुलीचे लग्न आणि आईचे दिवस सगळे तारीखवार सापडते.

औंध आज खटाव तालुक्यातले ग्रामपंचायतीचे गाव आहे. मूळपीठाच्या डोंगरावर यमाई, पायथ्याशी वाडा, आणि चित्रांनी भरलेले भवानी संग्रहालय. १९४८ पर्यंत ही एका संस्थानाची राजधानी होती. संस्थान लहानसे, ७२ गावांचे, आणि तेही सलग नाही. औंध सातारकडे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, गुणदाळ थेट विजापूरकडे. मधे ब्रिटिश मुलूख. एका कायद्याचा अंमल कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे बैलगाडीतून जाताना कळतही नसे. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जखमेची भरपाई ही कल्पना आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. मराठेशाहीत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळे, जखमी शिपायाला जखमेपोटी रक्कम मिळे. औंधचे पंतप्रतिनिधी याच व्यवस्थेतून वर आलेले घराणे. मूळ पुरुष परशुराम त्र्यंबक किन्हईचे कुलकर्णी होते, ते कर्तृत्वावर प्रतिनिधीपदापर्यंत पोचले. पण बालपरवेशी होती तलवारीसाठी. गावातले मेलेले जनावर ओढणारा त्याच्या शिंगाने फाटला किंवा रात्रीच्या गस्तीवरचा रामोशी विहिरीत पडला, तर त्याच्यासाठी दफ्तरात खाते नव्हते. त्याच्यासाठी वतन होते.

वतनाचे कौतुक करणारे आजही भेटतात. जमीन होती, बलुते होते, पिढ्यान्‌पिढ्यांची शाश्वती होती, असे ते सांगतात. शाश्वती होती हे खरे, पण ती कामाची होती, माणसाची नव्हती. महार वतनदाराला हाडकी-हाडोळीची जमीन आणि खळ्यावरचे धान्य मिळे. त्या बदल्यात सरकारी टपाल पोचवणे, साहेबाच्या पुढे धावणे, मेलेले ढोर ओढणे, चावडीत हजर राहणे. दिवस-रात्र, सण-सुतक काही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांनी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले. वतनदार हजर नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला कामाला धरतात. नोकर एक आणि राबते सारे घर. आजारपणाची रजा होती, पण ती बापाच्या पाठीवर काढायची. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

१८५० च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात नगरपालिका निघू लागल्या. साताऱ्याची १८५३ ची, आणि मग आसपासच्या बाजारपेठांच्या. गावाचा महार आणि नगरपालिकेचा झाडूवाला हे दोन वेगळे नोकर होते. मैला वाहण्यासाठी नगरपालिकांनी बाहेरून मेहतर, भंगी समाजाची कुटुंबे आणून गावाबाहेर वसवली. त्यांना जमीन नाही, बलुते नाही, रोख पगार मिळे. वतन गेले आणि पगार आला, म्हणजे माणूस सुटला असे वाटेल. तसे झाले नाही. शहराला शिक्षकाचा खाडा चालतो, झाडूवाल्याचा चालत नाही, हे नगरपालिकांना फार लवकर कळले, आणि त्यांनी पगार वाढवण्याऐवजी शिक्षा लिहिली. संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात सफाईवाला रजेवाचून गैरहजर राहिला किंवा नोटीस न देता काम सोडून गेला तर त्याला तुरुंगवासाची तरतूद होती. कारकून गैरहजर राहिला तर पगार कापला जाई. झाडूवाला राहिला तर तो आरोपी होई. एकाच इमारतीत दोन न्याय.

त्याच्या बरेच आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांसाठी आठवड्याची सुटी मागत होते. १८९० मध्ये ती मिळाली. रविवार का, याचे त्यांचे एक कारण आमच्याकडच्या माणसाला चटकन पटेल असे आहे. रविवार हा खंडोबाचा वार. साहेब चर्चला जातो म्हणून नव्हे, तर आमचा देव जेजुरीला आहे म्हणून. झाडूवाल्याचा रविवार मात्र पुढेही बरीच वर्षे अर्धाच राहिला, कारण रविवारी बाजार भरतो आणि बाजाराच्या संध्याकाळी कचरा दुप्पट होतो.

मग आला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. आस्थापना शाखेच्या कपाटात त्याची एक जुनी प्रत होती. तिची पहिली अनुसूची मी जेवणाच्या सुटीत कितीदा तरी वाचली आहे. उजवा हात कोपरापासून किंवा वर गेला तर कमाईची शक्ती ७० टक्के गेली असे धरावे, डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचे बोट ५. आता महिना १५ रुपयांच्या कामगाराचा हिशेब मांडू. मेला तर ३० महिन्यांचा पगार, म्हणजे ४५० रुपये. कायमचा निकामी झाला तर ४२ महिन्यांचा, ६३० रुपये. अंगठ्याचे १५७ रुपये ८ आणे. उजव्या आणि डाव्या हातात फरक ६३ रुपयांचा, आणि तर्जनीची किंमतही बरोबर तेवढीच. मरण्यापेक्षा निकामी होणे महाग, यात कायद्याचा निर्दयपणा नव्हता. निकामी माणूस जेवतो, हे त्यांनी हिशेबात धरले होते. तात्पुरत्या दुखापतीत मात्र पहिल्या दहा दिवसांचे काही मिळत नसे. पुढे ते सात झाले आणि १९५९ पासून तीन.

एवढे सगळे असूनही या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. चूक कुणाची, हा प्रश्न बाजूला ठेवला. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला असेल, तर मालकाने पैसे द्यायचे. दारू पिऊन आला होता किंवा मुद्दाम संरक्षक साधन काढून ठेवले, असे मोजके अपवाद, आणि माणूस मेला किंवा फारच जायबंदी झाला तर त्यांनाही धार उरत नाही. भरपाई ही कृपा राहिली नाही. आणि ती जखमी माणसाच्या नावाने होती. पोराला कामाला लावतो, एवढ्यावर मालकाची सुटका नव्हती.

पण कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा. संस्थानात तो आपोआप शिरत नव्हता. इथे मला ते तुकड्यातुकड्यांचे संस्थान आठवते. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा वस्तीच्या विस्तारासाठी गेली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि बिनव्याजी १०,००० रुपये दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंगाच्या रानात लोखंडी नांगर तयार होऊ लागले. वितळलेल्या लोखंडाला ब्रिटिश हद्द कुठली आणि पंतांची हद्द कुठली हे कळत नाही, पण कायद्याला कळत होते. तसलाच रस पुण्यात पायावर सांडला तर १९२४ नंतर अनुसूची होती. कुंडलच्या माळावर तो सांडला तर मालकाची माणुसकी होती. किर्लोस्करांकडे ती होती, आणि तुरुंगातून सुटलेल्या रामोश्याला पहारेकरी नेमण्याइतकी मोठी होती. माझे म्हणणे इतकेच, की माणुसकीला अपील नसते.

बाळासाहेब पंत हे विलक्षण संस्थानिक. स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे वेडे. साऱ्या संस्थानाला त्यांनी नमस्कार घालायला लावले. १९३८ मध्ये त्यांनी सत्ता प्रजेला देण्याचे जाहीर केले. चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन, ज्यांना आमच्याकडे भारतानंद म्हणत, यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार केली. २१ जानेवारी १९३९ ला ती अमलात आली. गाव पंचायत, तालुका सभा, वर विधिमंडळ. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतींवाचूनची वसाहत निघाली. ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. माडगूळकरही याच संस्थानाच्या माडगुळ्याचे.

या प्रयोगाबद्दल आमच्या गावात आजही अभिमानाने बोलतात आणि बोलावेच. पण मी कारकून असल्यामुळे माझ्या मनात वेगळाच हिशेब चालतो. राजाने गादीवरचा हक्क सोडला, कैद्याच्या पायातली बेडी काढली. गावचे मेलेले ढोर ओढणाऱ्याच्या वतनाची बेडी मात्र तशीच होती, शेजारच्या ब्रिटिश गावात होती तशी. रजा हा विषय स्वराज्याच्या घटनेत येत नाही. तो येतो नोकरीच्या नियमांत, आणि ते नियम नेहमी सगळ्यात शेवटी लिहिले जातात. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी सरकारने वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ चा. डोक्यावरून मैला वाहणे थांबवा, हे त्यात सरकारला सांगावे लागले.

नगरपालिकेचा कामगार कारखान्यातल्या कामगारासारखा कामगार आहे का, यावर पुढे मोठी भांडणे झाली. नागपूर महापालिकेने म्हटले, आम्ही नफा करत नाही, आमचा उद्योग कसला? १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महापालिकेची बहुतेक खाती, सफाईसुद्धा, उद्योगच आहेत. या एका निकालाने युनियनच्या हातात औद्योगिक विवाद कायदा आला. आमच्याकडे लाल बावट्याचे चिटणीस शाखेत येऊन बसत तेव्हा त्यांच्या पिशवीत झेंडा असे की नाही ठाऊक नाही, पण त्या निकालाची चक्रमुद्रित प्रत हमखास असे. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला काढणे अवघड होते, हेही त्यातूनच आले. आणि म्हणूनच २४० च्या अलीकडे ‘खंड’ देण्याची कलाही आली. ती कला कुठल्या शाखेत शिकवली जाते, हे मी सांगायला नको.

१९६५ चा नगरपरिषदा अधिनियम, आणि पुढे महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१. रजेच्या बाबतीत आमचा झाडूवाला आणि मंत्रालयातला सहायक यांना एकाच पुस्तकाने मोजायला सुरुवात झाली, ही मला या इतिहासातली सगळ्यात मोठी क्रांती वाटते. तिची मिरवणूक कुणी काढली नाही. वर्षाला आठ किरकोळ रजा. अर्जित रजा ३० दिवस, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ जमा. अर्धवेतनी २०, डॉक्टरचा दाखला आणला तर तिची परिवर्तित होते, दोन दिवस खर्ची पडून एका दिवसाचा पूर्ण पगार. शिल्लक अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवायची आणि निवृत्तीला तिचे पैसे घ्यायचे. सफाई कामगाराच्या घरी निवृत्तीच्या दिवशी जे पेढे येतात, ते बहुतेक या ३०० दिवसांचे असतात.

याच नियमांत कामावर झालेल्या इजेसाठी विशेष विकलांगता रजा आहे. जास्तीत जास्त २४ महिने. पहिले १२० दिवस पूर्ण पगार, पुढे अर्धा. आणि ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. माझ्या नोकरीत हिचे अर्ज फार थोडे आले. अपघात होत नव्हते म्हणून नव्हे. काच लागायची, गटारात वाकलेल्याच्या पाठीत कळ भरायची, कुत्रे चावायचे, दवाखान्याच्या कचऱ्यातली सुई टोचायची. पण मुकादम म्हणायचा, “कशाला कागद वाढवतोस, चार दिवस किरकोळ टाक.” आणि माणूस स्वतःच्या आठातल्या चार रजा नगरपालिकेच्या गटाराला देऊन टाकायचा. गौरीला घरी राहायचे तेव्हा बिनपगारी. युनियनने आमच्याकडे मिळवलेल्या गोष्टींत मला वेतनवाढीपेक्षा एक साधी वही मोलाची वाटते. आरोग्य ठाण्यावरची अपघात नोंदवही. कुठे, किती वाजता, काय करताना, साक्षीला कोण. ती आल्यापासून चार दिवस किरकोळ टाकण्याचा सल्ला देणाऱ्याचा आवाज खाली आला.

दुसरी गोष्ट बदलीची. पूर्वी झाडूवाला रजा मागायला आला की पहिला सवाल, “बदली माणूस आणलास का?” तो मग बायकोला उभी करी, नाहीतर भावाला. हजेरी त्याची, झाडू तिचा, पगाराचा वाटा घरातल्या घरात. म्हणजे वतनच, फक्त चावडीऐवजी ठाण्यावर. युनियनने बदली कामगारांची यादी करायला लावली. त्यांना यादीतल्या क्रमाने काम मिळे. रजेवर गेलेल्याची जागा भरणे हे ठाण्याचे काम, कामगाराच्या बायकोचे नाही. औंधच्या यमाईची पौषातली यात्रा असो, की गावोगावचे उरूस, सगळे कार्यालय रजा टाकते तेव्हा सफाईवाल्याला रजा नाकारतात. बदलीची यादी आल्यावर निदान पाळी लागली. यंदा याची, पुढच्या वर्षी त्याची.

आता वारसा हक्काकडे येतो. सत्तरच्या दशकात लाड आणि पागे समित्यांनी शिफारस केली की सफाई कामगार निवृत्त झाला, मेला किंवा अपात्र ठरला तर त्याच्या वारसाला त्याची जागा द्यावी. वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातले, रोजगार हमी योजनेचे जनक. शासनाने या तरतुदींचा एकत्रित निर्णय २०२३ मध्ये पुन्हा काढला. या हक्कावर बोलताना माझी जीभ दोन्हीकडे वळते. सफाईच्या वस्तीत कायम नोकरी म्हणजे पक्के घर, शाळेची फी, दवाखाना. तो हक्क काढून घ्या म्हणणारा मी कोण? पण सेवापुस्तकात आजोबा, मुलगा आणि नातू यांची पाने एकाखाली एक लावली, की १९२८ ची ती तक्रार कानात वाजते. पुढची पिढी दिली म्हणजे जुनी पिढी फिटली, हा हिशेब वतनाचा आहे. तो कायद्याने मोडायचा होता आणि आपण दयाबुद्धीने परत जोडला. लिपिकाच्या परीक्षेला बसलेल्या वारसाला “तुझ्यासाठी झाडू आहेच की” असे सांगणारे मी ऐकले आहेत.

आणि हा वादही आता जुना होत चालला आहे, कारण कायम सफाई कामगारच कमी झाले. घंटागाडीवर असतो तो कंत्राटदाराचा माणूस. त्याच्याकडे सेवापुस्तक नाही. कंत्राट दर काही वर्षांनी बदलते, माणूस तोच राहतो आणि त्याची रजा दर वेळी शून्यापासून सुरू होते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही पडदानशीन नोकरी न्यायालयात उघडी केली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगार महापालिकेचेच असल्याचे मान्य केले. लहान नगरपालिकेतल्या गाडीवाल्याला तेवढी लांब लढाई परवडत नाही.

पण भरपाईपुरती एक चावी १९२३ पासून कायद्यातच होती. काम मूळ मालकाच्या नेहमीच्या कामाचा भाग असेल, तर कंत्राटदाराच्या माणसाचीही भरपाई मूळ मालकाने द्यायची, आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करत बसायची. कचरा उचलणे हे नगरपालिकेचे काम नाही, असे कुठल्याच मुख्याधिकाऱ्याला म्हणता येणार नाही. २०२० पासून वेतनाची कमाल मर्यादा १५,००० धरतात. चाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक १८४.१७. तो कामावर मेला तर निम्मे वेतन गुणिले गुणक, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. अंगठा गेला तर आता ३० टक्के धरतात, म्हणजे ४,९७,२५९ रुपये. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस मेला तर हिशेब वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख सांगितले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३० लाख केले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला. तिच्यात घरून कामावर जाता-येता झालेला, कामाशी संबंध असलेला अपघातही धरला आहे. पहाटे अंधारात सायकल हाणत ठाण्यावर येणाऱ्या बाईसाठी हे कलम मोठे आहे. पण कलम वापरायला पुरावा लागतो, आणि तो त्याच दिवशी तयार करावा लागतो. म्हणून निवृत्तीनंतरही कुणी विचारायला आले तर मी इतिहास सांगत नाही. अपघाताची वेळ ठाण्याच्या वहीत लिहून घ्या, सरकारी दवाखान्याचा कागद घ्या, गाडी कुठल्या वॉर्डात होती ते लिहा, आणि अर्ज कंत्राटदाराच्या नव्हे, नगरपालिकेच्या आवक शिक्क्याने द्या. मुकादम बदली माणूस मागू लागला तर त्याला सांगा, तो मी आणायचा नसतो.